अगस्तीकर, त्र्यं. वि., पृष्ठ पंचेचाळीस

हरीभाऊ विरले कोणाचंही नाव त्या माणसाला विचारल्याशिवाय छापत नसत. नेरळच्या बाजारपेठेत एक अरुंद जिना चढून गेलं की त्यांचं दुकान लागायचं. पाटीवर एकाखाली एक लिहिलं होतं: लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रिया, पीएच.डी. आमच्या भागातल्या लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात, इतकी इतरांची असतात. काका, मामा, आत्या, निमंत्रक, व्यवस्थापक, शिवाय तळाशी किलबिल. त्यातला एखादा मामा दोन ओळी खाली गेला तर तो मांडवात येत नाही, आणि आला तर जेवत नाही. त्यामुळे पत्रिका छापायला सोडण्याआधी हरीभाऊ एकेकाला फोन करायचे. "विरले बोलतोय, नेरळवरनं. तुमचं नाव चौथ्या ओळीत टाकतोय. चालंल ना?"

या माणसाच्या हाती मी माझी संदर्भसूची दिली.

मी तेव्हा कर्जतच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर नोकरी आणि सुट्टी लागली की घरी. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी होती आणि माझ्या नोंदणीची मुदत दीड महिन्यात संपत होती. विषय होता कर्जत-खालापूरची भातशेती. सात वर्षांचं लिखाण तयार होतं, फक्त शेवटची सूची हाताबाहेर गेली होती. वर्डमध्ये एक नोंद सरळ करायला जावं तर खालच्या सहा वाकड्या व्हायच्या. एकदा मी रागाने की-बोर्डवर हात आपटला तर सगळी सूची इटालिक झाली आणि काही केल्या उभी राहीना. शेवटी आमच्या मार्गदर्शक सरांनीच हरीभाऊंचं नाव सुचवलं. "माझाही प्रबंध त्यांनीच केला होता. माणूस विक्षिप्त आहे, पण सूची अशी करतो की बघत राहावं."

पहिल्या दिवशी हरीभाऊंनी माझी एकशे चौसष्ट पुस्तकं आणि लेख वरपासून खालपर्यंत शांतपणे पाहिले. सूचीत प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासाला लागून असते आणि बाकीच्या थोड्या आत. पडद्यावरच्या पट्टीतला छोटा त्रिकोण सरकवत ते म्हणाले, "आडनाव ओटीवर बसवायचं म्याडम. बाकीचा संसार आत." दोन मिनिटांत सगळ्या ओळी शहाण्यासारख्या बसल्या. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला, पण तो जरा लवकर केला.

कारण मग त्यांचं बोट एका नोंदीवर थांबलं. "ह्ये 'आणि इतर' म्हंजे कोण?"

"पुस्तकाचे बाकीचे लेखक. सगळी नावं द्यायची नसतात, तशी पद्धत आहे."

"पत्रिकेत 'आणि इतर' लिवलं तर मांडवात दगड पडतील. कोण लेखक हायत त्यांना इचारलं का?"

मी हसले. चार दिवसांनी गेले तेव्हा हसू आलं नाही. सूचीत जिथे जिथे 'आणि इतर' होतं तिथे तिथे 'आणि समस्त परिवार' झालं होतं. शिवाय हरीभाऊंनी लेखकांना फोन लावायला सुरुवात केली होती. विद्यापीठांतून, प्रकाशकांकडून नंबर मिळवून ते विचारत होते, "तुमचं नाव टाकतोय, बासष्टावे हाय तुमी. चालंल ना?" गंमत म्हणजे लेखक खूश होत. एका निवृत्त प्राध्यापकांना आपलं पुस्तक कोणीतरी वाचलं हे ऐकून फोनवरच भरून आलं. ते कोणीच वाचलेलं नव्हतं. मीही नव्हतं वाचलं, दुसऱ्या एका सूचीतून उचललं होतं.

काही लेखक वारलेले निघाले. हरीभाऊंनी त्यांच्या घरच्यांचं सांत्वन केलं आणि पत्रिकेच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे 'कै.' लावलं. मग सूची अकारविल्हे लावायला त्यांनी सॉर्टचं बटण दाबलं आणि सगळे दिवंगत विद्वान 'क'मध्ये जाऊन बसले. कुलकर्ण्यांनंतर 'ख'पर्यंत पोचायला मला दीड पान मयत ओलांडावं लागलं.

"हरीभाऊ, हे काय केलंत?"

"गेलेली माणसं एका पंगतीला बसली. काय बिघडलं?"

मी त्या दिवशी खूप बोलले. मुदत, नोकरी, सात वर्षं, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं, सगळे 'कै.' काढले आणि चहा मागवला. चहा पिताना म्हणाले, "म्याडम, एकशे त्रेसष्ट लागले. एक लागत नाय."

तो एक म्हणजे सूचीतला पहिलाच. अगस्तीकर, त्र्यं. वि., 'कुलाबा जिल्ह्यातील भाताचे वाण'. आमच्या विषयात हे नाव न घेता कोणाचं चालत नाही. 'येथील शेतकरी भाताचा वाण चवीवरून निवडतो (अगस्तीकर, पृ. ४५)' हे वाक्य आमच्या सरांच्या लेखात आहे, सरांच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आहे आणि माझं तिसरं प्रकरण तर त्याच्यावरच उभं होतं. हरीभाऊंनी प्रकाशक शोधला, ग्रंथालयं शोधली, गावोगावचे अगस्तीकर शोधले. असा माणूस कुठेच नव्हता. "जो नायच, त्याचं नाव मी टाकणार नाय," ते म्हणाले. मी चिडून सरांचा जुना बांधीव प्रबंध त्यांच्यापुढे आणून टाकला. बघा, पंचवीस वर्षांपूर्वीपासून आहे.

हरीभाऊंनी चष्मा पुसला, शेवटची पानं उघडली आणि त्या नोंदीवर चक्क फूटपट्टी ठेवली. मग आत ढकललेल्या ओळीपुढची मोकळी जागा मोजली.

"ही नोंद माझी हाय," ते म्हणाले. "तवा मला रूलर वापरता यायचा नाय. नऊ स्पेस देऊन ओळ आत ढकलायचो. ओळी कशा दिसतात बघायला वर एक नमुना टाकला होता. सगळ्यात वर ऱ्हावा म्हणून अ-नं सुरू व्हणारं नाव घेतलं. काढायचा ऱ्हायला वाटतं."

"म्हणजे अगस्तीकर..."

"पयलं माझंच नाव टाकून बघितलं म्याडम. विरले, ह. धों. पण सूची काय शिकल्यासारखी दिसंना. मग पुसलं, आणि अगस्तीकर टाकलं."

सरांना आपल्याच सूचीत ही नोंद दिसली असणार. सूचीत आहे म्हणजे आपण वाचलंच असणार, असं वाटून त्यांनी पुढे कधीतरी तिला पान जोडलं आणि एक वाक्यही. मी अगस्तीकरांना सूचीतून काढलं. तिसऱ्या प्रकरणातलं वाक्य मात्र नावाशिवाय तसंच ठेवलं, कारण ते काढायचं तर प्रकरणच खाली आलं असतं. प्रबंध मुदतीत गेला.

तोंडी परीक्षा काही महिन्यांनी झाली. ती सगळ्यांना खुली असते, तरी कोणी फिरकत नाही. हरीभाऊ सफारी घालून मागच्या रांगेत येऊन बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूची उघडली, पहिलं पान वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "यात अगस्तीकर कसे नाहीत?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण सर शेजारीच बसले होते आणि माझी नोकरी त्या टेबलावर होती. "प्रत उपलब्ध झाली नाही, सर," मी म्हणाले.

"कमाल आहे! अहो, मी त्यांना भेटलोय. एका परिषदेत. उंच होते, जरासे बहिरे."

"हो, शेवटी शेवटी त्यांना अजिबात ऐकू येत नसे," आमचे सर म्हणाले.

मी मागे बघायचं धाडस केलं नाही. निकालाच्या कागदावर अट आली: अगस्तीकरांचा ग्रंथ पाहून प्रबंधात आणि सूचीत योग्य ती दुरुस्ती करावी, मुदत तीन महिने, त्यानंतर पदवी. व्हरांड्यात हरीभाऊ उभे होते. त्यांना सगळ्यात आधी एकच गोष्ट खुपली होती. "म्याडम, बहिरे कशाला केलं हो त्यांना?"

मी तिथेच बाकावर बसून रडले. जो ग्रंथ नाही तो कुठून पाहायचा? ते शेजारी बसले. "मी तिथं उठून बोललो असतो तर तुमचं काम मोडलं असतं," ते म्हणाले. "पण नाव मी छापलंय. आता पुस्तक मीच उभं करनार. साल मात्र यंदाचं टाकनार. खोटं साल नाय."

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणताहेत. आठवड्याने गेले तर पडद्यावर मुखपृष्ठ तयार होतं, अनुक्रमणिका तयार होती आणि पंचेचाळिसावं पानही. आत मजकूर नव्हता, पण पान जागेवर होतं. तिथे चवीचं ते वाक्य आणून बसवायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. इतक्यात सुमनवहिनी, म्हणजे हरीभाऊंच्या पत्नी, पोशीर गावच्या घरून जेवणाचा डबा घेऊन आल्या. दुकान हरीभाऊंचं, पण घरची भातशेती वहिनी करायच्या. हरीभाऊंनी त्यांना ते वाक्य कौतुकाने वाचून दाखवलं.

"कोन म्हनतो असं?" वहिनी म्हणाल्या.

"मोठी मोठी मानसं म्हनतात गं."

"त्यांना लावनीला बोलवा. अवो, वरच्या कोरड्या वावरात लवकर येनारा हळवा भात लावायचा आन् खाली पानी ऱ्हातं तितं उशिरा येनारा गरवा. चव आवडली म्हनून गरवा वर लावाल तर पानी सरंल आन् दाना भराच्या आदी उभा वाळंल. आमी कुटं निवडतो? जमीन सांगंल त्यो भात." मग त्यांनी डबा उघडता उघडता माझ्याकडे बघितलं. "तुमी सात वर्सं काय करत व्हता बाई?"

सात वर्षं मी भातावरची पुस्तकं जमवत होते. त्यात शेतं होती, पर्जन्यमान होतं, नकाशे होते, पण बांधावर जाऊन मी एकाही बाईला काही विचारलं नव्हतं. आणि हरीभाऊंनी देशभर फोन लावले होते, फक्त डबा आणणाऱ्या बायकोला विचारायचं राहिलं होतं. त्यांचंही तोंड उतरलं.

त्यानंतरचे दोन महिने दुपारनंतर दुकान बंद असायचं. हरीभाऊ वही घेऊन पोशीरपासून पार खालापूरकडच्या गावांपर्यंत हिंडले आणि मीही त्यांच्यामागे हिंडले. कोणत्या वावरात कोणता भात, का, पाणी कधी सरतं, पेंढा किती निघतो, जुने कोणते वाण बंद पडले आणि कोणामुळे. बायका आधी हसायच्या, मग सांगायला लागायच्या, मग आम्हाला सोडायच्या नाहीत. सगळं पुस्तक बहात्तर पानांचं झालं. वहिनींचं म्हणणं बरोबर पंचेचाळिसाव्या पानावर यावं म्हणून हरीभाऊंनी चव्वेचाळिसाव्या पानावर एका बांधाचा फोटो गरजेपेक्षा मोठा केला. तेवढी लबाडी त्यांनी केली. मुखपृष्ठावर नाव होतं हरिश्चंद्र धोंडू विरले, आणि खाली बारीक अक्षरात, 'अगस्तीकर या नावाने परिचित'.

मी तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं आणि पुस्तक घेऊन सरांकडे गेले. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंचेचाळिसावं पान उघडलं. ते पान त्यांनी दोनदा वाचलं.

"ही नवी आवृत्ती का?" त्यांनी विचारलं.

"पहिलीच, सर."

त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. "हे खरं आहे?"

"हो सर. विचारून आलोय आम्ही."

"मला कोणी विचारलं असतं तर मीही..." असं काहीतरी ते पुटपुटले, आणि त्यांनी सही केली. ते पुस्तक परत मागायला मला जमलं नाही. त्यांनीही ते टेबलावरून उचलून आपल्या पिशवीत ठेवलं.

मला पदवी मिळाली, पुढे नोकरीही कायम झाली. हरीभाऊ दोन वर्षांनी झोपेतच गेले. पोशीरला त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली होती. त्यात पत्रिकावाले होते, प्रबंधवाले होते आणि ज्यांनी त्यांना फक्त फोनवर ऐकलं होतं असे दोन लेखकही होते. मला त्या माणसाचा आधी फार राग यायचा, हे मी वहिनींना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला बी यायचा."

माझा प्रबंध आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या सूचीत एकशे चौसष्ट नोंदी आहेत. त्यातली 'व' अक्षरातली एक मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलेली आहे.