दोनदा जागा चुकलेला खेळाडू

मित्रांनो, घरी आलोय, पण मन अजून इथल्या, आखातातल्या अल् खुवैरच्या ऑफिसातच आहे, म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांचे व्हिडिओ पाहून व्यावसायिक संघांसाठी रिपोर्ट लिहायचे, हे माझं काम. आज एक लाइनमन होता. बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून समोरच्यांच्या धडका अंगावर घ्यायच्या, हे त्याचं काम. ताकदवान, चपळ. कुठला तरी संघ त्याला नक्की घेईल असं वाटत होतं.

मग एका जोरदार धडकेनंतर तो उठला आणि भलत्याच जागी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने दुसऱ्या धडकेनंतर पुन्हा तेच.

शेजारी बसणाऱ्या सायमनला दाखवलं. वसईचा आहे, तोंडाने फटकळ. "गोंधळला असेल रे. तू रोज गाडी कुठे लावली ते विसरतोस, तुझा रिपोर्ट कोण लिहितं? हे लिहिलंस तर त्याला कोण घेणार?"

तरी मी लिहिलं: "दोन धडकांनंतर जागा चुकली. डोक्याची तपासणी व्हावी." पाठवताना एकच विचार होता: मी चुकत असेन तर त्याची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या दोन वाक्यांनी वाया जाईल.

आता मात्र वेगळीच भीती वाटतेय. दोन्ही वेळा बाजूच्या खेळाडूने त्याला जर्सी धरून जागेवर आणलं होतं, त्याच्याकडे न बघता, रोजची सवय असल्यासारखं. हे मी लिहिलं नाही. त्याला हे नेहमीच होतं आणि संघाला ते ठाऊक आहे, हा माझा अंदाज होता, आणि रिपोर्टमध्ये अंदाज लिहायचा नसतो.

तुम्ही लिहिलं असतं?