सत्तरीचा मेल

विल्फ आयव्हसनला मेंढ्यांपेक्षा एका शब्दाचाच अभिमान जास्त. कुंपणाचे खांब ठोकायच्या जड हातोड्याला आमच्या यॉर्कशायरच्या डोंगरात ‘मेल’ म्हणतात. चर्च बघायला कुणी पाहुणा आला, की विल्फ काठी टेकत हजर. “हा शब्द फ्रान्सहून नॉर्मन सरदारांबरोबर आला. याचा चुलतभाऊ लंडनला गेला, चेंडूच्या खेळात शिरला, मग खेळाच्या रस्त्याला चिकटला, आणि आता दुकानांचा मॉल होऊन बसलाय. आमचा बिचारा इथंच राबतोय!”

मग तो चर्चच्या दारामागे टांगलेला लाकडी मेल दाखवायचा. पूर्वी म्हणे बाप सत्तरीचा झाला, की मुलानं हा काढायचा, म्हाताऱ्याच्या टाळक्यात हाणायचा आणि शेत ताब्यात घ्यायचं. “काय शिस्त होती लोकांना!” विल्फ म्हणायचा.

त्याचा मुलगा नेव्हिल पंचेचाळिशीचा, दोन मुलींचा बाप. पण एक मेंढा विकायचा तरी बापाला विचारून. मेंढवाड्याची चावी विल्फच्या पट्ट्याला. शेत नावावर कधी करणार, असं विचारलं की विल्फचं उत्तर ठरलेलं, “पोरगं अजून कच्चं आहे.” मला नेव्हिलची कीव यायची, आणि त्याच्या गप्प बसण्याचा रागही.

चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. विल्फच्या सत्तराव्या वाढदिवशी नेव्हिल त्या मागून घेऊन गेला. केक कापायच्या आधी त्यानं मेल आणून धाडकन टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“तुमचीच शिस्त, बाबा.”

विल्फचा चेहरा पडला, पण पंडित सहजासहजी हरतोय होय! “प्रथा जुनी, तर जुन्या कॅलेंडरनंच मोजायची. १७५२ साली कॅलेंडर बदलताना सरकारनं अकरा दिवस गाळले, ते माझे अजून बाकी आहेत.”

“बरं,” विल्फची बायको हिल्डा म्हणाली. “नेव्हिल, तोवर इथंच खुंटीला टांग.”

अकरा दिवस विल्फ त्या मेलखाली बसून जेवला. बाराव्या दिवशी घरी बोलावलेल्या वकिलासमोर, मला साक्षीला बसवून, त्यानं शेत नेव्हिलच्या नावावर करायची सही केली. मग पट्ट्याची चावी काढून नेव्हिलपुढं धरली, पण बोटं काही सुटेनात. त्याचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

“विल्फ, सोड आता,” हिल्डा म्हणाली.

“सोडतोय ना!”

हिल्डानं दोन्ही हातांनी मेल खुंटीवरून उतरवला. तिला तो फक्त चर्चमध्ये परत द्यायचा होता. चावी खणकन फरशीवर पडली.