डोळे तपासायला अकोल्याला

“हा पॅनिक डिसऑर्डर आहे,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे धोका नसतानाही शरीर धोका असल्यासारखं वागतं. छाती धडधडते, श्वास अडकतो, आता मरणार असं वाटतं. तुझं हृदय ठणठणीत आहे. गोळ्या आणि समुपदेशन, दोन्हींनी बरं वाटेल.”

मला हायसं वाटलं. बाबांनी विचारलं, “हे फाईलवर लिहावंच लागते का?”

आम्ही अमरावतीचे. मानसोपचाराचे डॉक्टर तिथेही आहेत. पण ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून बाबांनी मला अकोल्याला आणलं. तेही ईसीजी, थायरॉईड, सगळं नॉर्मल आल्यावर, नाइलाजाने.

बाहेर आलो तर बाकावर आमच्याच गल्लीतले देशमुख काका-काकू.

“पोरीचे डोये तपासाले आलो,” बाबा घाईने म्हणाले.

“आमीबी डोयेच,” काका म्हणाले.

डोक्यावर मानसोपचाराची भलीमोठी पाटी होती. एरवी मी हसले असते. पण काकूंनी पदर तोंडावर ओढला, आणि मला वाटलं, माझ्या बापाला झाकावं लागावं असं काहीतरी मी केलंय.

घरी आई डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणायची. पाहुणे आले की पाकीट कपाटात. आपण बरे झालो असं दाखवलं तर आई-बाबांची मान वर होईल, म्हणून मी गुपचूप गोळ्या सोडल्या. मी शाळेत शिक्षिका आहे; थोड्याच दिवसांत वर्गात शिकवताना पॅनिकचा झटका आला. फळ्याला टेकून खाली बसले. मुलं बघत होती. श्वास परत आला, पण मान वर करवेना.

संध्याकाळी काकू घरी आल्या.

“शाळेतलं समजलं मले. गोया सोडल्या ना तू?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मीबी सोडल्या होत्या, लोकायच्या भेवानं. लय भोगलं बाई. डॉक्टरले इचारल्याबिगर सोडू नको.”

बाबा पेपर वाचत होते. आता उठून आत जातील, असं वाटलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“वहिनी, तुमाले नेमकं काय होते?”

काकू सांगत राहिल्या. आईने केलेला चहा तसाच निवला. मग बाबा माझ्याकडे वळले.

“अन् तुले, बेटा?”

इतक्या महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. आज गोळ्या नियमित आहेत, झटके कमी झालेत, लाज मात्र अजून पुरती गेलेली नाही. तुमच्या घरात कोणाला असं होत असेल, तर आधी एवढं विचारा.

त्या संध्याकाळी मी रडत, मोठमोठ्याने सगळं सांगितलं. दार उघडं होतं. बाबा ते लावायला उठले नाहीत.