इंदूबाईंचा घरपोच माल

इंदूबाई गेल्याचा निरोप त्यांच्या सुनेनं, रेखानं, फोनवर दिला तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातच मटकन बसलो. त्याला महिना होत आला. दुःख तर आहेच... पण खरं सांगू? त्यांची आठवण आली की रडू येत नाही, छाती धडधडायला लागते. मंडईत बटाटे विकणाऱ्या या बाईनं मला, हिंदीच्या निवृत्त मास्तराला, आयुष्यातलं एकमेव धाडस करायला लावलं!

एक मुकादम दर मंगळवारी त्यांच्याकडून पस्तीस माणसांसाठी बटाटे आणि भोपळे पोत्यानं न्यायचा. परगावाहून आलेले मजूर रविवारी मंडईत स्वतः येतात, घासाघीस करतात, मूठभर कोथिंबिरीसाठी भांडतात. या पस्तिसांतला एकही कधी फिरकला नाही. "सहा महिने झाले, मिरची नाही की लिंबू नाही," इंदूबाई मला म्हणाल्या. "मास्तर, ही माणसं स्वतःच्या मनानं जेवत नाहीत." मी म्हणालो, पथ्य असेल. "पस्तीस जणांना?" त्यांनी माझ्याकडे नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं.

मग त्यांनी मुकादमाला माल घरपोच द्यायचं कबूल केलं. फुकट ते पौष्टिक, तो लगेच हो म्हणाला. पुढच्या मंगळवारी त्यांच्या भाच्याच्या टेम्पोत पोत्यांशेजारी मी! "तुमचं हिंदी कधी कामाला येणार?" म्हणून मला बसवलेलं. शहराबाहेर प्लास्टिक निवडायचं गोदाम होतं. भर दुपारी दाराला बाहेरून कुलूप, आणि आतून माणसांचे आवाज! पहारेकऱ्यानं दार उघडलं. "मोजून दिल्याशिवाय मी माल सोडत नाही," म्हणत इंदूबाईंनी आत काटा मांडला आणि त्याला वजन बघत बसवलं. स्वयंपाक करणारी बाई पुढं आली. मी हळूच विचारलं, "क्या आप यहाँ स्वेच्छा से कार्यरत हैं?" तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. इंदूबाईंनी बटाटे ओतता ओतता विचारलं, "घर जाना है?" तिचे डोळे भरून आले. "आधार, फोन, सब सेठ के पास है," ती पुटपुटली. "होली के बाद गेट के बाहर नहीं निकले."

निघताना पहारेकऱ्यानं मोबाइल कानाला लावलेला आम्ही पाहिला. मुकादमाला संशय आला तर ही माणसं भलतीकडेच हलवली जाणार, हे उघड होतं. टेम्पो थेट तहसीलदारांच्या कचेरीत नेला. कारकून म्हणाला, "लेखी अर्ज द्या, उद्या बघू."

"उद्या ती तिथं नसतील," म्हणत इंदूबाईंनी साहेबांच्या दारातच बैठक मारली. "अर्ज मास्तर लिहितील, अक्षर चांगलंय त्यांचं." मी लिहिला, पण इतक्या घाईत की अक्षराची अब्रू गेली. साहेब बाहेर आले, त्यांनी अर्ज वाचला, इंदूबाईंकडे पाहिलं... आणि गाडी काढायला सांगितली! पोलिसांनाही निरोप गेला. पाचच्या सुमाराला ते कुलूप तुटलं. आतली माणसं आधी बाहेर यायलाच धजेनात. मग ती स्वयंपाकाची बाई निघाली आणि तिच्यामागून एकेक करत पस्तीसच्या पस्तीस! मी रस्त्यात उभा राहून चक्क टाळ्या वाजवल्या. इंदूबाई मात्र रडत होत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "सहा महिने मीच माल देत होते हो त्याला."

त्यानंतर पोत्यानं माल घेणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारायच्या, खाणारी माणसं राहतात कुठं? बरीच गिऱ्हाइकं तुटली. त्यांनी पर्वा केली नाही. परवा मी गाळ्यावर गेलो तर रेखा बसली होती आणि एक अनोळखी माणूस चाळीस जणांचे बटाटे सांगत होता. वाटलं, संपलं सगळं, आता कोण विचारणार... रेखानं मान वर न करताच विचारलं, "खाणारी माणसं कुठं राहतात?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"घरपोच देतो आम्ही," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली, "मास्तर, मंगळवारी मोकळे आहात ना?"