पानिपतचा शोक आणि गच्चीवरची रिकामी खोली

संक्रांतीला सगळं जग गोड खातं, आमच्या घरात मात्र हरलेल्या लढाईचं सुतक असतं. माझा नवरा शिरीष केंद्र सरकारात अधिकारी. दरवर्षी पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी जाऊन डोळे पुसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. यंदा मी होदानलाही सोबत घेतलं. माझ्या हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या सोमाली पेशंटसाठी ती दुभाष्याचं काम करते. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत वाढली, आता इथे दिल्लीत, मुनिरक्यात भाड्याने राहते. घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीये, आणि आमची गच्चीवरची खोली रिकामी पडलीये. शिरीषला विचारलं, तर ती काय शिजवते, पाहुणे किती येतात, शेजारी काय म्हणतील, इथून सुरुवात. शेवटी म्हणे, पानिपतहून येऊ, मग बघू. म्हटलं, चलो, दिवसभर एका गाडीत बसला की पाघळेल.

जाणार असाल तर धुकं विरल्यावरच निघा. हायवेवर पुढचा ट्रक दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मुरथलला पराठे खा. वर लोण्याचा गोळा एवढा, की पराठा शोधावा लागतो. तिघांचं पोट तुडुंब भरलं आणि खिशालाही फार चाट बसली नाही.

काला अंबला पुण्या-कोल्हापूरच्या बसगाड्या, भगवे फेटे, घोषणा. काळ्या स्तंभापाशी शिरीष होदानला हिंदीत सगळं सांगत होता. हरलेली माणसं, बायकापोरं थंडीत अनवाणी कशी पळाली, भरतपूरच्या राजाने त्यांना कसा आसरा दिला, जेवू घातलं. हे उपकार आम्ही मराठी माणसं कधी विसरणार नाही, म्हणत त्याने रुमाल काढून डोळे टिपले. खोटं कशाला बोलू, मीही टिपले.

पानिपतला येऊन ब्लँकेट न घेता परतणं मला जमत नाही. दुकानात एका कोपऱ्यात राखाडी, खरखरीत ब्लँकेटांची चळत होती. दुकानदार म्हणाला, ती तुमच्यासाठी नाहीत मॅडम, मदतीचा माल आहे, परदेशी जातो. होदानने एक उचललं, नाकाशी धरलं आणि हसायलाच लागली. छावणीत सगळ्या भावंडांत मिळून असंच एक होतं म्हणे. आम्ही गुलाबी, मऊ घेतलं.

परतीच्या वाटेवर शिरीष पुन्हा भरतपूरवर घसरला. मागून होदानने अगदी सहज विचारलं, "भाईसाहब, उस राजा ने पहले पूछा था, ये लोग क्या पकाते हैं?"

बिचारीला आमच्या घरातलं बोलणं ठाऊकच नव्हतं. तिला आजवर प्रत्येक घरमालकाने हेच विचारलेलं. टोलनाका येईपर्यंत शिरीष नुसता रेडिओची स्टेशनं बदलत राहिला.

घरी चहा झाल्यावर शिरीषने खाकरून, अगदी ऑफिसातल्या आवाजात निर्णय दिला. खोली मिळेल, पण करार फक्त अकरा महिन्यांचा. पुढचं पुढे बघू. मी डोक्याला हात लावला. एवढं रडून आला आणि औदार्य मोजून अकरा महिन्यांचं!

होदान मात्र कप हातात धरून तशीच बसली.

"ग्यारह महीने?" ती म्हणाली. "इतनी दूर तक की बात तो मुझसे आज तक किसी ने नहीं की।"

शिरीषला वाटलं, टोमणा मारतेय. ती मनापासून खूश होती, आणि मला तेच सहन होईना.