ज्वारीतली अंबरी

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर, पंचायत समित्या नव्यानं झाल्या त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, अमडापूरच्या आमच्याच घरात. ती टायफॉइडातून नुकतीच उठली होती, डॉक्टरांनी रोज एक सफरचंद द्यायला सांगितलं होतं, म्हणून तिचा भाऊ नांदुऱ्याहून अंबरी घेऊन आला. ही काश्मिरी जात सुगंधी आणि पुष्कळ दिवस टिकणारी. बाबांनी "सांभाळून ठेवतो" म्हणत ती आत नेली आणि वहिनीच्या वाट्याला नुसती पेजच येत राहिली. मला तेव्हाच शंका आली होती. सोमवारी सुपात ज्वारी निवडताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, ज्वारीले अत्तरावानी वास काऊन येऊन राह्यला?" मी कणगीत कोपरापर्यंत हात घातला, तर सगळी सफरचंदं तिथं, गार आणि टणक. "बाबा, हे कोणासाठी ठेवले?" "उद्या सभापती येऊन राह्यले घरी. त्यायच्यापुढं काय गूळ-शेंगा ठेवू? तिले पेज पचते ना, बस." वहिनी खाली मान घालून खडे वेचत राहिली. मी तिथंच एक कापून फोड तिच्या हातात दिली, तर तिनं खाण्याआधी बाबांकडे पाहिलं. ते पाहणं आजही माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या घरात कोणी बाई आजारी असेल, तर तिच्यासाठी आलेलं फळ तिला मिळालं का, हे कर्त्या माणसाला विचारू नका. तिलाच विचारा, आणि आजच विचारा.