नांदगावकडच्या बाईची घागर

अखजी आली की आमच्या घरी भांडण ठरलेलं. अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचे लोक त्या दिवशी सराफाकडे रांग लावतात, आम्ही वऱ्हाडातली माणसं मेलेल्यांना पाणी पाजतो. घरातून गेलेल्या प्रत्येकाची एक मातीची घागर, तिच्यात वाळा टाकलेलं गार पाणी, तोंडावर आंबा नाहीतर खरबूज, पुढ्यात पत्रावळीवर पुरणपोळी, कुरडई आणि पन्हं. घागर भरताना ती कोणाची हे मोठ्यानं सांगायचं. ही माझ्या आजोबांची, ही आजीची, ही माझ्या आईची. आणि या सगळ्यांच्या आधी भरायची ती भिंतीलगतची सर्वांत मोठी घागर, आजोबांच्या काकांची. आजोबांना लहानाचं मोठं त्यांनी केलं, म्हणून पहिला मान त्यांचा.

भांडण व्हायचं ते कधीच न भरलेल्या एका घागरीपायी. ती बाबांच्या आजीची, म्हणजे माझ्या पणजीची.

घरात तिची गोष्ट सांगत ती अशी. छपन्याच्या, म्हणजे १८९९-१९००च्या दुष्काळात पणजोबा वारले. गाव नांदगाव खंडेश्वरजवळचं, विहिरींना पाणी नाही, घरात दाणा नाही. पणजीनं तान्हं पोर, म्हणजे माझे आजोबा, जावेच्या ओटीत टाकलं आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. कामामागं फिरत फिरत अकोल्यापर्यंत पोचली, तिथं अंथरुणाला खिळली आणि गरीबखान्यात भरती झाली. ज्यांना काम झेपत नाही अशांना पातळ आंबील पाजून जगवायची सरकारी जागा म्हणजे गरीबखाना. दुष्काळ ओसरल्यावर तिचा मोठा दीर पायी अकोल्याला गेला, तिला आणायला. एकटाच परत आला. ‘ती दुसऱ्यासंगं गेली’ म्हणाला. संपलं. पाट लावून दुसरीकडे गेलेली बाई दुसऱ्या घरची. तिला पाणी द्यायचं की नाही ते त्या घरानं बघावं. त्या दिराला स्वतःचं मूल नव्हतं. त्यानं पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि शेवटी सगळं वावर त्याच्या नावे केलं. हेच ते पहिल्या घागरीचे काका.

आजोबांना गावानं जन्मभर ‘मायनं टाकलेला’ म्हणून हिणवलं. दुसऱ्यांच्या आयांच्या घागरी भरायला लागल्या की ते उठून गोठ्यात जाऊन बसत. बाबांनी हे लहानपणी पाहिलेलं. आता बाबाच अठ्ठ्याऐंशीचे, अमरावतीला माझ्याजवळ राहतात, आणि गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून घरी आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला.

‘‘मले मरायच्या आधी इतकंच समजलं पायजे, का बुढी मेली कोण्या घरची म्हणून. गरीबखान्यात मेली असंन तं ती आपली हाये. मंग इतकी वर्षं तिले कोणी घोटभर पाणी नाई दिलं.’’

‘‘आणि दुसऱ्याची झाली असंल तर?’’

‘‘तं ते लोक देत असतीन. माह्या जिवाले थंडक.’’

मी म्हटलं, बाबा, शंभरावर वर्षं झाली, आता कोण सांगणार? ते म्हणाले, ‘‘तू रिटायर झाली ना? घरी बसून काय करून राहिली?’’ असं बोलतात. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, त्यांच्यापुढं अजून मी शाळकरीच.

निघाले शोधायला. आधी वाटलं, खानेसुमारीत सापडेल. इंग्रज माणसं मोजल्याशिवाय राहत नव्हते, तेव्हा हिलाही मोजलं असणारच. कचेरीतल्या माणसानं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. जुन्या खानेसुमारीतले आकडे तेवढे उरलेत, माणसांची नावं कोणी ठेवलेली नाहीत, म्हणाला. गावात बाया इतक्या, पुरुष इतके. ती त्या ‘इतक्यां’मध्ये असेल किंवा नसेल. मग गावचं कोतवाल बुक काढलं, त्यात जन्म-मृत्यू असतात. आजोबांचा जन्म सापडला. बापाचं नाव आहे, जात आहे, ‘मुलगा’ असं लिहिलंय. आईचा पत्ता नाही. जसं काही बापच बाळंत झाला! मला असा संताप आला की मी ते पान तिथंच मिटलं आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

घरीही तिचं नाव कोणाला माहीत नाही. बाबांना नाही, आजोबांनाही नव्हतं. घरात तिचा उल्लेख ‘ते बाई’ एवढाच. मी शोधत काय होते, हेच मला धड सांगता येत नव्हतं. नाव नसलेल्या बाईला कागदात शोधायचं तरी कसं?

महिनाभर अकोल्याला खेटे घातल्यावर एका जुन्या अभिलेखात गरीबखान्याची थोडी पानं निघाली. इंग्रजीत, तिरप्या अक्षरात. मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी आमच्या गावाचं नाव त्या स्पेलिंगात ओळखायला मला अख्खी दुपार लागली. ओळखलं. पण आमच्या गावची बाई एक नव्हती, दोन होत्या. दोघी कुणबी, दोघी विधवा, दोघी ऐन विशीतल्या, दोघींसोबत मूल नाही. दोघींनाही नुसतं ‘अमक्या गावची बाई’ म्हटलेलं. एकीपुढं लिहिलं होतं, मेली. दुसरीपुढं, बरी होऊन बार्शीटाकळीजवळच्या एका गावच्या माणसाबरोबर गेली. खाली त्या गावाचं आणि माणसाचं नाव.

यातली आमची कोणती? मी एकदा हिच्यावर बोट ठेवलं, एकदा तिच्यावर. घरात जे सांगत ते खरं मानलं तर गेलेली आमची. पण दीर गेला तेव्हा गरीबखान्यातल्या कारकुनानं त्याला भलतीचंच सांगितलं असेल तर? मी होते त्याहून जास्त गोंधळून परत आले. बाबांना सांगितलं तर ते वैतागले.

‘‘त्या गावले काहून नाई गेली?’’

‘‘बाबा, तिथं जाऊन काय विचारू? तुमच्या घरी आमची बाई पळून आलती का?’’

‘‘हाव. असंच विचार.’’

गेले. अकोल्याहून एसटीनं बार्शीटाकळी, तिथून ऑटोनं ते गाव. चैत्राचं ऊन, अंगाची लाही. त्या माणसाच्या आडनावाची घरं गावात चिक्कार. पारावरच्या म्हाताऱ्यांना सगळी हकीगत सांगावी लागली. त्यांना मजा वाटली. एकानं विचारलं, ‘‘वावरात हिस्सा मांगाले आल्या काय?’’ मी चिडून म्हटलं, हिस्सा नको, माहिती द्या. मग त्यांनीच आपसात बोलून एका घराकडं पाठवलं. त्या घरात मागं कधी तरी नांदगावकडची बाई होती, असं त्यांच्या ऐकण्यात होतं.

ओसरीवर पंच्याऐंशीच्या घरातली एक मावशी बसली होती. नजर चांगली, बोलणं खणखणीत. मी अमरावतीहून आले म्हटल्यावर तिनं आधी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, मग ‘‘बोल माय’’ म्हणाली.

मी विचारलं, ‘‘मावशी, तुमच्या घरी जुन्या काळात कोणी नांदगावकडची बाई होती का?’’

‘‘होती ना. माही आजेसासू. माह्या नवऱ्याची आजी. मी नवरी होऊन आली तवा ती नव्हती, पण सासू लय सांगे तिचं. दुस्काळात गरीबखान्यातून आणलेली. आमच्या आजेसासऱ्याची पयली बायको मेलती, त्यानं हिच्यासंगं पाट लावला.’’

‘‘तिचं नाव काय होतं?’’

‘‘नाव कोणाले मालूम? सारे नांदगाववाली म्हणत. अखजीले तिची घागर भरतो तवा मी बी तेच म्हणतो, नांदगाववालीची घागर.’’

मला एकदम हायसं वाटलं. बाबांच्या जिवाला थंडक, काम झालं. मी उठायच्या बेतात होते. म्हातारी पुढं बोलत राहिली.

‘‘तिच्या घागरीजवळ एक लहाना करा बी ठेवा लागते. इतकुसं मातीचं बोळकं. तो तिनंच लावून देल्ला. तिच्या पोट्ट्याचा.’’

‘‘कोणत्या पोराचा?’’

‘‘पयल्या घरच्या. मेलं ना ते. तान्ह्या लेकराले कोणी पाणी देते काय? नाई देत. पण तिनं कोणाचं ऐकलं नाई. जगली तोवर दरसाल स्वताच्या हातानं भरे आन मोठ्यानं म्हणे, हे माह्या लेकराचं. सासूनं चालू ठेवलं, मीनं बी ठेवलं. आता सून ठेवते.’’

मी विचारलं, लेकरू मेलं हे तिला कोणी सांगितलं?

‘‘तिचा दीर आलता ना गरीबखान्यात. त्यानंच सांगतलं, का पोरगं गेलं म्हणून. त्याच्या आधी ती पाट लावाले तयार नव्हती. म्हणे, माहं लेकरू गावाले हाये, मले वापस जा लागते. मंग दीर सांगून गेला, आन ती इकडं आली.’’

मी त्या मावशीला सांगितलं नाही. काय सांगणार? की तुम्ही ज्याला पाणी देताय तो माझा आजोबा, ऐंशी पार करून गेला, मला खांद्यावर घेऊन वावरात हिंडला? की त्याच्या जिवंतपणी तुम्ही त्याला मेलेल्याचं पाणी पाजत होता, आणि त्याच वेळी तो आमच्या गोठ्यात बसून आईनं टाकलं म्हणून कुढत होता? आणि ही बाई आमचीच कशावरून? ती दुसरी, मेलेली, तिलाही दीर असेल. मी मनाशी शंभर शंका काढल्या. एकही टिकेना, आणि एकही पुरती जाईना. मावशीनं जाताना मला कुंकू लावलं, ओटी भरली. मी तिची कोण लागते हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नीट माहीत नव्हतं.

परतताना सगळा राग काकांवर येत होता. तिकडं सांगितलं पोर मेलं, इकडं सांगितलं बाई पळाली. दोन्ही निरोप नेणारा माणूस एकच. का केलं असेल? मूल हवं होतं म्हणून? आजारी भावजय परत आणून उपाशी ठेवण्यापेक्षा तिचं पोट भरेल तिथं जाऊ दे म्हणून? पोर खरंच तेव्हा मरणाच्या दारात होतं की काय? आणि हा माणूस तसा नसता वागला तर आजोबा आईजवळ वाढले असते, कुठं ते कोण जाणे, मग बाबा कुठले आणि मी कुठली. ज्याच्यावर तोंडभर राग काढायचा त्याच्याच वावराच्या ज्वारीवर मी वाढलेली. 

बाबांना सांगायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले. मग सांगितलं, सगळं, करा सुद्धा. मला वाटलं रडतील, नाहीतर काकांना शिव्या घालतील. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘लेकराले पाणी देत नाईत, तरी ती देत होती?’’

‘‘देत होती म्हणे. मरेपर्यंत.’’

‘‘म्हणजे टाकला नव्हता.’’

‘‘नाही बाबा. पण बाबा, ती आपलीच कशावरून? बाया दोन होत्या.’’

‘‘तू गप,’’ म्हणाले. आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. काकांबद्दल एक अक्षर नाही. जेवताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मीच एकदा चिडून म्हटलं, त्या माणसाची पहिली घागर आता बंद करा. तर म्हणाले, ‘‘त्यानं बापाले तापात रातभर मांडीवर घेतलेलं मी आयकेल हाये. तुले नाई समजत.’’ मला खरंच समजत नव्हतं, अजूनही समजत नाही. त्यांना तरी समजलं होतं का, देव जाणे.

अखजीला त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांच्यानं वाकवत नाही, म्हणून घागरी मी भरत होते आणि नावं ते सांगत होते. पहिली काकांची. नेहमीच्याच आवाजात, नेहमीसारखीच सांगितली. मग आजोबांची, आजीची, आईची. या वर्षी मी बाजारातून एक घागर जास्त आणली होती, त्यांना न विचारता. ती भरली. ते म्हणाले, ‘‘ही माह्या बापाच्या मायची.’’ पिढीनं ती काकांच्या बरोबरीची, म्हणून मी उचलून पहिल्या घागरीशेजारी भिंतीलगत मांडायला गेले.

‘‘तथी नको,’’ बाबा म्हणाले. ‘‘तिले त्याच्याजवळ नको ठेवू. इकडं आण, बापाजवळ.’’